रत्नागिरी ते लंडन, विमानाने

पोस्टाच्या खिडकीमागे सगळी नोकरी झाली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, लोकच आणून देतात. विलायतेचं टपाल विमानाने जायला लागलं त्या सुमाराचे हे काही.

पहिल्याच आठवड्यात आमच्या पोस्टमास्तरांनी फळ्यावर लिहिलं, 'कराची ते लंडन, सात दिवस.' शाळेचे भूगोलाचे मास्तर ते वाचून पृथ्वीचा गोलच घेऊन आले. मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणला. जेमतेम वीतभर भरला. मग पेन्सिलीने रत्नागिरीचा ठिपका काढून मुंबईपर्यंत मोजलं. नखाएवढं.

पोस्टमास्तर शांतपणे म्हणाले, "मास्तर, पावसाळ्यात बोट बंद असते. टपाल घाट चढून कोल्हापुरावरून जातं. त्या नखाला किती दिवस लागतील, तेवढं सांगा."

*

वजनावर पैसे, म्हणून विमानाचं पत्र अगदी हलकं लागायचं. एका वकिलांनी पातळ कागदाच्या एकाच तुकड्यावर घरचा, बागेचा आणि कोर्टाचा सगळा मजकूर मुंगीएवढ्या अक्षरात बसवला. लंडनच्या मेहुण्याचं उत्तर विमानानेच आलं. वकिलांनी ते आम्हाला वाचून दाखवलं. "पत्र दहा दिवसांत मिळालं. वाचायला पंधरा दिवस लागतील. पुढचं बोटीने पाठवा."

*

मिऱ्या गावची एक म्हातारी. तिचा मुलगा बसऱ्याला बंदरात कामाला. तिने विचारलं, "भाऊ, इमान बसऱ्याला उतरतं काय?"

"उतरतं. कराचीहून दोन दिवसांत."

ती बोटांवर मोजत राहिली. "माजा झील गेला तवा गलबताला महिना लागला व्हता. म्हंजे बसरा जवळ आला म्हणायचा."

"आला की."

"मंग आता त्याला यायला काय झालं?"

मी तिकिटं मोजत बसलो.

*

आणि तात्या. कोर्टातून पेन्शनीत निघालेले. मुलगा शिकायला लंडनला गेलेला. दर आठवड्याला मुलाला लिहिलेलं पत्र टाकायला स्वतः यायचे. वर्षभरात तिकडून त्यांच्या नावे एकही पत्र आलं नव्हतं. ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, पण कोणी बोलत नसे.

एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, "तात्या, हे विमानाने टाका. लवकर पोचेल."

त्यांनी पाकीट माझ्या हातातून परत घेतलं.

"बोटीने जायला किती दिवस?"

"सगळे धरून तीन आठवडे."

"आणि उत्तर यायला तेवढेच. म्हणजे दीड महिना मी घरी हिला सांगू शकतो, उत्तर वाटेत असेल." त्यांनी पाकिटावरचा पत्ता पुन्हा वाचला. "विमानाने टाकलं, तर वीस दिवसांनी काय सांगू?"

मी पत्र घेतलं आणि बोटीच्या थैलीत टाकलं.