आठ दिवस पुरलेला डबा

तीन महिन्यांच्या पोटच्या पोरीला मी उपाशी मारत होते. बाटली भरून.

घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते कराडच्या आमच्या मेडिकलवाल्या सुकुमारअण्णांच्या.

अण्णा आज पहाटे गेले.

सकाळपासून स्टेटसवर त्यांचे फोटो फिरतायत. 'हसतमुख व्यक्तिमत्त्व' म्हणे. हसतमुख कसले? तिरसट होता माणूस. डॉक्टरची चिठ्ठी नसेल तर सख्ख्या मेव्हण्याला गोळी द्यायचे नाहीत.

मी खरं काय ते लिहिते. लांबलं तर लांबू दे.

श्रेया झाली तेव्हा मी आयसीयूत होते. माझं दूध आलंच नाही. दारात दोन म्हशी, एक गाय, आणि पोरीला जनावराच्या दुधाची ॲलर्जी. पाजलं की अंगभर पुरळ, शीतून रक्त. डॉक्टरांनी एक स्पेशल पावडर लिहून दिली. तिच्याशिवाय दुसरं काही चालणार नव्हतं.

नवरा फौजेत, पोस्टिंग लांब. दर चार दिवसांनी एसटीनं कराडला जाऊन डबा मीच आणायचे.

आणि डबे यायचे बंद झाले.

विचारलं की अण्णा वैतागून सांगायचे, "ही पावडर करणाऱ्या कंपन्या दोन-तीन. त्यातल्या एकीचा तिकडं परदेशात कारखाना बंद पडला. आलेला माल पुण्या-मुंबईतच जिरतोय. सांगलीचा एजन्सीवाला रोज उद्या म्हणतोय. आपल्याला कोण इचारतंय?"

त्यात कुणीतरी व्हॉट्सॲपवर 'बाळाचं दूध संपणार' असा मेसेज टाकला. ज्यांना साधी पावडर चालत होती, त्यांनीही दिसेल तो डबा उचलला.

शेवटचा डबा देताना अण्णा म्हणाले, "म्होरचं काय सांगता येत न्हाई."

मी त्याच दिवसापासून माप बदललं.

एका मापाला तीस मिली पाणी घालायचं. मी साठ घालायला लागले. चार दिवसांनी फोन केला तर अण्णा म्हणाले, "माल आलाच न्हाई." मग अजून पातळ केलं.

बाटली तेवढीच भरायची. पोरगी दोन दिवस लय रडली, मग गप्प राहायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "आता कशी गुणी झाली."

मलाही बरं वाटलं. आई म्हणवून घेते मी स्वतःला.

आठव्या दिवशी तिला घेऊनच दुकानात गेले.

"आला न्हाई अजून," अण्णा म्हणाले. "तुझा कवाच संपला असंल की."

"न्हाई, हाय थोडा."

अण्णांचा हात थांबला. "कवा नेला व्हतास?"

"गेल्या सोमवारी."

"चार दिवसांचा डबा आठ दिवस पुरतोय कसा?"

अण्णा काउंटरबाहेर आले. टोपरं सारून श्रेयाच्या टाळूवर हळूच बोट ठेवलं. टाळू आत गेली होती.

"पाणी किती घालतीस?"

खोटं बोलायला तोंड उघडलं आणि मला रडूच फुटलं. वाटलं, आता चारचौघांत माझी लाज निघणार.

अण्णाच मटकन स्टुलावर बसले.

"बॉक्स आला व्हता पोरी. मी दिला."

आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याचा वाढदिवस होता. बाळंतिणींना डबे वाटायचं ठरलं होतं. असे डबे फुकट वाटायला कायद्यानं बंदी आहे, हे अण्णांनी कार्यकर्त्याला सांगितलं. तो म्हणाला, "अण्णा, लायसनचं काम अडकलंय न्हवं तुमचं?"

एवढ्यावर बाराच्या बारा डबे गेले. साधा कुठला, स्पेशल कुठला, त्याला काय घेणंदेणं.

"जगात टंचाई कुणी का आणंना," अण्णा म्हणाले, "तुझ्या पोरीपुरती ती मी आणली."

मला रिक्षात घालून दवाखान्यात पाठवलं. डॉक्टरांनी वजन केलं आणि माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "ॲडमिट करा. पावडर आजच पाहिजे."

इकडं अण्णांनी शटर ओढलं. मोबाईलवर त्या वाढदिवसाचे फोटो उघडले. डबा हातात धरून पुढाऱ्याशेजारी उभ्या राहिलेल्या बायका. कोण कुठली ते चार ठिकाणी विचारलं, आणि साठी उलटलेला माणूस स्कूटरवर गावोगाव फिरला. लोकांच्या दारात उभं राहून डबा परत मागत.

एका ठिकाणी उंबऱ्यावरनंच हाकलला. एका घरात त्या पावडरीचा पाहुण्यांना चहा केला होता.

"दाट होतोय म्हणं," अण्णा मला नंतर सांगत होते.

दिवेलागणीला दवाखान्यात आले तेव्हा कापडी पिशवीत पाच डबे होते. अण्णा जैन, दिवस मावळल्यावर जेवत नसत. सकाळपासून उपाशी होते, तसेच राहिले.

दोन डबे मला दिले. तीन दुसऱ्या बाळांना, त्यांचीही तीच गत होती. पहिली बाटली त्यांनी समोर उभं राहून करायला लावली.

श्रेया ओढून ओढून प्याली. संपल्यावर किंचाळून रडली.

"रडू दे," म्हणाले. "अंगात जीव आला की मागत्यात."

जाताना एवढंच बोलले, "तुझं मी कुठं बोलणार न्हाई. माझं तू बोलू नगं."

पोरीला जुलाब झाले होते असं मी घरी सांगितलं. आजवर तेच चाललंय.

श्रेया यंदा पहिलीत गेली.

आज दुपारी त्या पुढाऱ्याच्या पेजवर अण्णांना श्रद्धांजली आली. 'आमच्या माता-बालक उपक्रमाला मोलाची साथ देणारे.' खाली डबे वाटपाचा फोटो.

तेव्हा म्हटलं, बास.

साथ नव्हती ती. चूक होती. घाबरून केलेली. आणि ती निस्तरायला तो माणूस एकटा दारोदार फिरला. फोटोतला एकही जण नव्हता बरोबर.

अण्णा, तुम्ही माझं झाकून ठेवलंत. मी तुमचं उघडं केलं. रागवा माझ्यावर.

माझं पण झाकलेलं ठेवलं नाही. पोस्ट करायच्या आधी हे सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या श्रेयाला जवळ घेऊन बसल्यात. अजून माझ्याशी बोललेल्या नाहीत.

जावा अण्णा. सुखानं जावा.