चार बोटांचा उतार

मेश्राम काकू कुणाकडेही गेल्या की आधी बाल्कनीत तांब्याभर पाणी ओतायच्या. पाणी जाळीकडे निघालं तर बसून चहा घ्यायच्या. कोपऱ्यात साचलं तर घरमालकाचं काही खरं नसायचं. सरकारी खात्यात जन्मभर इमारतींचे नकाशे काढलेली ही चंद्रपूरची बाई निवृत्त झाल्यावर गाझियाबादला आमच्या सोसायटीत राहायला आली आणि आमच्या कमिटीची झोप उडाली.

गेटजवळ सायकलींसाठी पत्र्याची शेड होती. तिच्या पन्हळीला मधोमध झोळ पडला होता. पावसाचं पाणी टोकाच्या पाइपापर्यंत पोहोचायचंच नाही, झोळावरून सांडून थेट बिमलाच्या टेबलावर पडायचं. बिमला तिथे इस्त्री करायची. दोन मुलींचं शिक्षण त्या टेबलावर चाललं होतं. खाली चिखल व्हायचा, आणि तो इस्त्रीवालीमुळेच होतो असं कमिटीने ठरवून टाकलं. आठ दिवसांत जागा सोड, अशी नोटीस निघाली. तिच्यावर पाच सह्या होत्या, त्यातली तिसरी माझी. दोष पन्हळीचा आहे हे मला दिसत होतं. पण ऑफिसातून दमून आल्यावर वाद कोण घालणार, म्हणून केली सही. त्याची आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, काकू नोटीस घेऊन दारात उभ्या. "ही तुझीच सही ना? चल, शिडी धर."

सत्तरीला टेकलेली बाई पदर खोचून चढली. गार्ड ओरडला, "मैडम, गिर जाएँगी!"

"गिरी तो ये पुणेवाला पकड़ेगा. साइन करना आता है, पकड़ना भी सीख लेगा."

पाणी भरलेली पारदर्शक नळी लावून त्यांनी दोन्ही टोकांची पातळी पाहिली. झोळाच्या जागी तीन नव्या पट्ट्या ठोकल्या आणि पाइपाच्या विरुद्ध बाजूचं टोक चार बोटं वर घेतलं. माझे हात भरून आले होते, पण बोलायची छाती नव्हती.

तेवढ्यात सेक्रेटरी आले. "परमिशन किससे ली? और गेट से तो टेढ़ी दिख रही है. सीधी करवाइए."

"सीधीच होती ना बाप्पा, म्हणूनच पाणी साचून लोंबली," काकू माझ्याकडे बघत पुटपुटल्या. मग वरूनच सेक्रेटरींना म्हणाल्या, "सीधी करनी है तो पहले मुझे उतारिए." आणि चक्क शिडीच्या वरच्या पायरीवर बसल्या. गार्डकडून पाण्याची बादली वर मागवून तिथूनच त्यांनी ती वरच्या टोकाला ओतली. पाणी सरळ पाइपात गेलं. टेबलावर एक थेंब पडला नाही.

"अब बोलिए, कीचड़ किसका था?"

संध्याकाळी नोटीस मागे घेतली गेली. बिमला राहिली.

गेल्या थंडीत काकू गेल्या. शेवटची पांढरी साडी बिमलाने इस्त्री केली. रडत होती, तरी एक चुणी राहू दिली नाही तिने.

आता नवी कमिटी आली आहे, मी तिच्यातही आहे. गेट नव्याने रंगवलंय, त्याला शोभावी म्हणून पन्हळ सरळ करायची आहे. परवा नवे सेक्रेटरी कागद घेऊन सहीसाठी माझ्याकडे आले.

मी पेन खिशातच ठेवलं. पाण्याची बादली घेतली, खाली जाऊन शिडी लावली आणि त्यांना म्हटलं, "पकड़िए."