फाइलकाकांनी विचारलेला एकच नंबर

एक्स-रेच्या खोलीशेजारच्या रेकॉर्ड रूममध्ये फाइलकाकांनी चौतीस वर्षं काढली. अर्ध्या शहराची दुखणी त्यांना ठाऊक होती, पण पठ्ठ्यानं कधी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. खिडकीशी कुणी शेजाऱ्याची, जावेची, होणाऱ्या सुनेची चौकशी करत आलं, की काका चष्म्यावरून बघत आणि विचारत, "पेशंट कुठंय?" पेशंट सोबत नसला की खिडकी बंद. यात सासू म्हणू नका, साहेब म्हणू नका, कुणाचीच गय नव्हती.

त्या काळी क्षयाच्या पेशंटला लाल कव्हरची फाइल मिळे. ती हातात दिसली, की बाकावरची माणसं सरकून बसत. एकदा एका शाळामास्तरणीनं ती फाइल पदराखाली लपवलेली काकांनी पाहिली. त्यांची तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सरसकट सगळ्यांना लाल कव्हरं चढवली. मोडलेला हात, दुखरा दात, बाळंतीण, सगळे लाल! मोठे डॉक्टर ओरडले, "अहो, आता दातालाही क्षय झालाय का?" काका म्हणाले, "दुसरी कव्हरं संपलीत, साहेब." ती पुढं अकरा वर्षं संपलेलीच होती. तसली सरळ मनाची लबाडी करणारी माणसं आता कुठं राहिली, असं वाटून जीव हळहळतो.

काका निवृत्त झाले त्याला बारा वर्षं झाली. बायको त्याच्याही आधी स्तनाच्या कॅन्सरनं गेली. तेव्हा मोठं ऑपरेशन, मग किरणांचा शेक आणि मग वाट बघणं, एवढंच होतं. आता म्हणे रक्तावरून आधीच कळतं, की आईच्या दुखण्याचा धोका लेकीत उतरलाय का. चाळिशीच्या लेकीनं तसं रक्त दिलं होतं. रिपोर्ट तिच्या मोबाइलवर येऊन दहा दिवस झाले, तरी ती गप्प. काकांचा जीव टांगणीला लागला. विचारायला तोंड उघडत आणि भलतंच काहीतरी बोलत.

अकराव्या दिवशी लेकीच्या रक्ताच्या पावतीवरचा नंबर पाठ करून ते दवाखान्यात गेले. रॅक गेले होते, धुळीचा तो ओळखीचा वासही गेला होता. एका टेबलावर एक कॉम्प्युटर आणि त्यापुढं त्यांनीच कामाला लावलेली चष्मेवाली.

"काका! या, या. किती वर्षांनी!"

काकांनी हळूच नंबर सांगितला. "लेकीचा आहे. नुसतं हो की नाही, एवढंच सांग."

तिचे हात टेबलावरच थांबले. "चहा सांगते, काका. पण हे नाही उघडणार."

"अगं, बाप आहे मी तिचा!"

"माहीत आहे. इथं कुणी काय उघडलं, त्याची वेळेसकट नोंद होते." तिनं कीबोर्ड मागं ढकलला. "आणि खरं सांगू? नोंद होत नसती, तरी उघडलं नसतं."

काका तडक उठले. चहासुद्धा घेतला नाही. रस्ताभर तिच्यावर धुमसत राहिले. घराच्या कोपऱ्यावर आल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

लेक स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. काका समोर बसले. "तुझा नंबर घेऊन दवाखान्यात गेलो होतो. चोरून बघायला. तिनं दाखवलं नाही."

लेकीनं आधी डोळे वटारले, मग ते भरून आले. "आहे, बाबा. आईचंच आलंय." तिनं निवडलेली भाजी उगाच बाजूला सारली. "म्हणजे आजार झालाय असं नाही. आता दर सहा महिन्यांनी तपासतील. लवकर सापडलं तर इलाज आहे, डॉक्टर म्हणाले. पण तुम्हाला सांगायला जीभच रेटेना. दहा दिवस नुसते शब्द जुळवतेय."

मग आजवर कुणालाच न सांगितलेलं काकांनी सांगितलं.

"तुझ्या आईनं गाठ दीड वर्ष लपवली होती. मी रोज त्याच दवाखान्यात जायचो, ती रोज डबा द्यायची. सगळ्या जगाची दुखणी माझ्याकडं, आणि तिचं मला शेवटी कळलं. तू दहा दिवसांत सांगितलंस, पोरी."

त्यांनी भाजीची जुडी आपल्याकडं ओढली. "पहिली तपासणी कधी आहे? मी बाहेर बाकावर बसेन."