चाकाखालचा म्हसोबा

रहाटणीच्या कुशाबाईचं रान कारखान्यासाठी गेलं, आणि त्याच रानात ओव्हरसियर दौलतराव पत्र्याचं चाकांचं घर आणून राहिले. जागा उताराची. घर घरंगळू नये म्हणून त्यांनी बांधावरचा शेंदरी म्हसोबा उचलून चाकाखाली अडकवला. दुसरे दगड काय कमी होते त्या रानात?

तिथंच झाडलोटीला लागलेल्या कुशाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. पण देवाला रोज सकाळी पाणी घालायचा नेम तिनं देव चाकाखाली गेला तरी मोडला नाही. तांब्या ओतताना ती पुटपुटायची, "देवा, ह्याचं बिऱ्हाड उठीव!"

पौषाच्या थंडीत दौलतरावांचा विजेचा हीटर रोज सकाळी बंद पडू लागला. वायरमन ज्योतीरामनं हीटर खोलला, फ्यूज बदलला, पण दोष सापडेना. शेवटी वायर धरून तो बाहेर आला, तर तिचा जोड म्हसोबालगत चिखलात भिजत पडलेला.

"इथं पाणी कोण ओततं?"

"म्या. देव हाय आमचा," कुशाबाई म्हणाली.

दौलतरावांनी म्हसोबाला बुटाची लाथ हाणली. "दगड आहे तो! उद्यापासून इथं पाण्याचा थेंब दिसता कामा नये."

दुसऱ्या दिवशी ते कामावर गेल्यावर कुशाबाईनं पाणी घातलंच नाही. पहार घालून तिनं म्हसोबाच काढला आणि पाटीत घालून घरी नेला.

संध्याकाळी दौलतराव परतले, तर घर खालच्या ओढ्यात आडवं आणि हीटर पाण्याखाली. त्यांनी कुशाबाईला बोलावून घेतलं.

"साहेब," ती म्हणाली, "ह्या खेपेला पानी म्या न्हाई वतलं."