कळलावीची काळजी

आता कुठल्या तोंडाने सांगू? गेल्या वर्षी आमच्या डोंबिवलीच्या घरी गौर आली ती हातांशिवाय, आणि त्याला जबाबदार मी! हसू नका, आधी ऐका.

आमच्यात तेरड्याची गौर असते. अंगाला तेरडा, आणि हात म्हणून कळलावीची फुलं, लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी. तेरड्याचं काय, पावसात कुठेही उगवतो. कळलावीचे मात्र औषधासाठी कंद उपटून नेतात, त्यामुळे आता गावाकडेही ती शोधावी लागते. म्हणून सासूबाईंनी गावाहून एक कंद आणून माझ्या हाती दिला. "यंदा हात घरचेच हं, नेहा. जप."

जप? हे मला सांगायचं? माझ्या लेकीला, इराला, एक शिंक आली तर मी डॉक्टरांच्या दारात असते!

सासूबाई भातलावणीला गावी गेल्या आणि माझी ड्युटी सुरू झाली. कंद विषारी, म्हणून कुंडी बाल्कनीत उंचावर, इराचा हात पोचणार नाही अशी. कोंब आला, पानं आली. आणि एक दिवस बघते तर पानांची टोकं गोल गोल वळलेली! रोग! दुसरं काय असणार? इराची नखं कापायची कात्री आणली, टोकं छाटली, वर कडुनिंबाचं पाणी फवारलं. नवीन पान आलं की त्याचंही टोक वळलेलं. पुन्हा कात्री. वर स्वतःलाच शाबासकी, की बाई, वेळेवर लक्ष गेलं तुझं!

खालच्या कुंडीत आधीच्या गौरीचं बी पडून तेरडा उगवलेला. त्याला पाणी घालायचंही मी विसरायचे. तो मेला गुलाबी होऊन नुसता सुटलेला!

गणपतीच्या तोंडावर सासूबाई परतल्या. कळलावी कुंडीबाहेर मान टाकून पडलेली. कळी एक नाही.

"अगं, हिच्या पानांची टोकं कुठायत?"

"कापली ना, आई. रोग पडलेला."

"रोग कसला! त्या टोकांनीच ती आधार धरून वर चढते. हातच तोडलेस की गं तिचे!"

इराला शाळेत बोलायचं होतं, एका भरपूर असलेल्या फुलावर आणि एका कमी होत चाललेल्या फुलावर. गौरीच्या दिवशी पाहुण्यांसमोर तिने तालीम केली.

"तेरडा भरपूर आहे, कारण आई त्याच्याकडे बघत नाही. कळलावी कमी आहे, कारण आई तिची काळजी घेते."

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. आणि मी? इराला जरा शिंक आल्यासारखं वाटलं म्हणून तिच्या कपाळाकडे निघालेला हात हळूच मागे घेतला.