प्रस्थानात ठेवलेला पासपोर्ट

मुलांनो, तुमच्या आजीच्या घरासमोरच्या काकाआजोबांइतका प्रवासाचा धसका घेतलेला माणूस अख्ख्या नेपरव्हिलमध्ये सापडायचा नाही. कोणी भारतात निघालं की हे बॅगा तोलायचा काटा घेऊन दारात हजर. "वहिनी, लोणचं हातातल्या बॅगेत नको, जप्त होईल," असं मी नुसती किराणा आणायला निघाले असतानाही त्यांनी मला बजावलं आहे. विमान संध्याकाळचं असलं तरी ते सकाळीच विमानतळावर जाऊन बसतात, आणि मुहूर्त पाहिल्याशिवाय उंबरा ओलांडत नाहीत.

यंदा ते स्वतःच जपानला निघाले. त्यांची मुलगी तिथे नोकरी करते. वसंतात तिथे सरकारी सुट्ट्या लागोपाठ येतात, त्यांना गोल्डन वीक म्हणतात. कचेऱ्या बंद होतात आणि सगळा देश एकदमच प्रवासाला बाहेर पडतो. एरवी तिला रजा मिळत नाही. तिची आई गेल्यानंतर बापलेकीची भेटच झाली नव्हती. हे विमान चुकलं, तर दुसरं मिळेपर्यंत तिची सुट्टी संपणार होती.

विमानाच्या दिवशी मुहूर्त नव्हता, म्हणून आदल्या दिवशी त्यांनी आमच्याकडे प्रस्थान ठेवलं. चांगल्या वेळेला प्रवासातली एखादी वस्तू शेजाऱ्याकडे ठेवली, की प्रवास सुरू झाला असं धरतात. मग निघताना ती उचलून न्यायची. लोक सुपारी-नारळ ठेवतात. यांच्या पिशवीत नारळाबरोबर पासपोर्टही होता.

"अहो भाऊजी, पासपोर्ट कशाला?"

"नारळ थोडाच जपानला जाणार आहे वहिनी? प्रस्थान जाणाऱ्याचं!"

दुसऱ्या दिवशी टॅक्सी दारात आली आणि ते घाईघाईने थेट विमानतळावर गेले. तिथेही लवकर पोचून रांगेतल्या एका पंजाबी कुटुंबाच्या बॅगा तोलत बसले. स्वतःची पाळी आल्यावर मला फोन. "वहिनी! प्रस्थान!" पिशवी आमच्याकडेच राहिली होती.

मी पिशवी घेऊन गाडी काढली. हायवेवर दुरुस्ती चाललेली, एक लेन बंद, गाड्या हलता हलेनात. मी कधी हॉर्न वाजवत नाही. त्या दिवशी वाजवला. इकडे फोन सारखा चालूच.

"कुठे आलात?"

"मघाशी होते तिथेच! भाऊजी, फोन ठेवा, मला गाडी चालवू द्या."

पलीकडून अगदी बारीक आवाजात, "पोरगी तिथे रेल्वे स्टेशनवर मला घ्यायला येऊन उभी राहील हो."

पोचले तेव्हा ते दारातच घामाघूम उभे. पासपोर्ट काढून घेतला, नारळ माझ्या हातात कोंबला आणि या वयात जे धावले! काउंटरवरची बाई 'बंद'ची पाटी लावत होती. यांना पाहून थांबली.

पुढे त्यांच्या मुलीचा जपानहून फोन आला. "काकू, बाबा पोचले. स्टेशनवर इतका क्राउड होता ना, पण त्यांनी माझा हात सोडलाच नाही. लहानपणी धरायचे तसा."

फोन ठेवल्यावर मी लगेच तुम्हाला हे लिहायला बसले. मुलांनो, तुमच्या शाळेला सुट्टी कधी लागते ते कळवा. सुट्टी नसली तरी चालेल. मी रेडमंडला तुमच्या घरी येते. तुम्ही शाळेतून परत येईपर्यंत घरात बसून राहीन.