तोंडात पाणी धरून बसा!

जिनिंगच्या आवारात कापूस साठतो ना, तसे आमच्या शिबिराचे किस्से साठलेत. एक ओढावा तर वरून चार अंगावर येतात. परवा मैत्रिणी जमल्या आणि पुन्हा सुरू झालं, "ते गोदीचं सांग गं!" सांगते. फक्त हसायचं असेल तर मुलांना नाही, आम्हा मोठ्यांना हसा.

आमचं उन्हाळी शिबिर वलगावला, रावसाहेबांच्या आमराईत. रावसाहेब शिबिराच्या कमिटीचे प्रेसिडेंट. मुलं अमरावती-अकोल्याच्या वकील-मास्तरांची, आणि गावातल्या माळ्या-कुणब्यांचीही. चालवणारी मी! मॅट्रिक पास, आणि कुठलंही मूल शिंकलं की थर्मामीटर घेऊन धावणारी.

पहिल्याच आठवड्यात मुलं कंटाळली. मी सगळ्यांना झाडाखाली बसवलं आणि विचारलं, "काय आवडत नाही, सांगा बरं." एकेकानं तोंड उघडावं आणि मी लगेच त्याची समजूत घालावी, असं बराच वेळ चाललं. शेवटी वलगावच्या माळ्याची गोदी उठली. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाई, इचारताबी तुमीच अन् बोलताबी तुमीच. मंग आमी कायले बसलो?"

तेव्हापासून नियमच केला. मूल ज्याच्याविषयी बोलेल, त्यानं तोंडात पाणी धरून ऐकायचं. मूल खाली बसलं की चूळ टाकायची आणि सांगितलेलं सुधारायचं. उत्तर द्यायचं नाही!

*

पहिला बळी आमचे वानखडे मास्तर. त्यांची ड्रिल पहाटे, आणि हुकूम सगळे इंग्रजीत. मास्तर गाल फुगवून बसले आणि पोरं उठली.

"राइट म्हंजे कोनता हात, हे मास्तर सांगतच नाई. अन् चुकलं का वरडते!"

मास्तरांचे डोळे लाल झाले, मिशा थरथरल्या. पण पाणी सांडलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवा हुकूम काढला, "जेवायच्या हाताकडे... वळ!"

सगळी रांग झोकात वळली. अकोल्याचा मधू तेवढा उलटा फिरला आणि शेजारच्याच्या नाकाला नाक लावून उभा राहिला.

"अरे, जेवायचा हात म्हटलं ना!" मास्तर ओरडले.

"मी याच हातानं जेवतो, मास्तर!" मधू डावा हात वर करून म्हणाला.

*

जेवण माझ्या देखरेखीखाली होतं. मासिकात वाचलेला पौष्टिक आहार! दूध, मऊ भात, बिनतिखटाची भाजी. माझ्या तोंडात पाणी, आणि समोर पोरं सांगतायत, "बाई, हे दवाखान्यातलं जेवण वाटते."

स्वयंपाकीण गंगूकाकू मागे पदर तोंडाला लावून हसत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी झुणका-भाकरी केली, आणि सोबत हिरव्या मिरचीचा ठेचा. नेमक्या त्याच दिवशी कमिटीच्या बायका आल्या. "भर उन्हाळ्यात ठेचा? मुलं आजारी पडली म्हणजे?"

शंका मलाही तीच होती. पण म्हटलं, "मुलांनी मागितलाय. मिळेल!"

मोठ्या ऐटीत मीही घास घेतला. पुढचं मला नीट आठवत नाही. फक्त गोदीचा आवाज आठवतो, "काकू, बाईले दूध द्या वो!"

*

माझी सुमीही शिबिरात होती. आईविषयी ती काय बोलणार, म्हणून मी निर्धास्त गाल फुगवून बसले.

"आई खो-खोमध्ये मधेच येते," सुमी म्हणाली, "आणि ताप आहे का बघते. तिनं कपाळाला हात लावला की मला वाटतं खो मिळाला. मी उठून पळते आणि फाऊल होतो!"

चूळ टाकल्याबरोबर मी थर्मामीटर गंगूकाकूंच्या डब्यात कोंडला. दोन दिवसांनी सुमी खरंच कणकणली. मी डब्याकडे धावले, तर काकू डब्यावर बसलेल्या!

"आधी पोरीले इचारा," म्हणाल्या.

*

या साऱ्याची बातमी रावसाहेबांपर्यंत पोचणारच होती. त्यांनी निरोप पाठवला, "पोरांच्या मर्जीनं शिबिर चालणार असेल तर माझ्या आमराईत नको. शनिवारी येऊन बंद करतो."

आमचे हे म्हणाले, "माफी मागून टाक." माझ्या मनातही तेच होतं, खोटं कशाला बोलू! पण शनिवारी उठले, माठ भरला आणि रावसाहेबांच्या खुर्चीशेजारी नेऊन ठेवला.

रावसाहेब टांग्यातून उतरले. रिवाजाप्रमाणे मास्तरांनी मुलं स्वागताला उन्हात उभी केली होती. पाहणी करून रावसाहेब आंब्याखाली खुर्चीत बसले आणि घसा खाकरला. मी पेला पुढे केला.

"आधी बैठक, रावसाहेब. नियम सगळ्यांना सारखा."

सोबत आलेल्या कमिटीच्या बायकांनी डोळेच मिटले. रावसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, तुच्छतेनं हसले आणि घोट तोंडात घेतला. पोरं काय बोलणार!

गोदी रांगेतून पुढे आली. "रावसायेब, तुमी आले का आमाले उनात उभं करते. पाय भाजते. तुमी सावलीत बसता. आज तुमी उनात उभे राहा, आमी सावलीत बसतो."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे.

रावसाहेब उठले. गाल फुगलेलेच. काठी खुर्चीला टेकवली, जोडे काढले आणि चालत जाऊन मुलं उभी होती तिथे, भर उन्हात, तापल्या मातीवर उभे राहिले. मुलं सावलीत येऊन बसली. घाम पागोट्याखालून निथळून मिशीत उतरला, तरी पाणी तोंडातच!

बऱ्याच वेळानं गोदी म्हणाली, "बस झालं. या आता."

ते आले. खुर्चीकडे गेलेच नाहीत. चटईवर मधूच्या शेजारी मांडी घालून बसले आणि आंब्याच्या बुंध्याशी चूळ टाकली. मला वाटलं, आता बंद म्हणणार!

"आता कोन बोलते?" गोदीनं विचारलं.

रावसाहेबांनी हात वर केला.